पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर: छेद लहान, विश्रांती मात्र पुरेशी हवी

पित्ताशयातील खड्यांवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करणे आता नित्याचे झाले आहे. रुग्ण बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घरी परततो आणि पोटावरील तीन-चार लहान पट्ट्या एवढीच काय ती बाहेर दिसणारी खूण असते. त्यामुळे ‘किरकोळ ऑपरेशन होते’ अशी समजूत सहज रुजते. उलव्यासारख्या नव्या वसाहतीत तर घरातील बहुतेक मंडळी सकाळीच खारकोपर किंवा बामणडोंगरी स्थानकातून लोकल पकडून कामावर जातात. सेवाशुश्रूषेसाठी घरात वडीलधारे माणूस असतेच असे नाही. अशा घरात गृहिणीवर शस्त्रक्रिया झाली, तर चौथ्या-पाचव्या दिवशी ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहते आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. पित्ताशयाच्या खड्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक असल्यामुळे हा प्रश्न अनेक घरांचा आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत शरीरात काय घडते, कोणता त्रास स्वाभाविक असतो आणि कोणता धोक्याचा, हे रुग्णाइतकेच घरच्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

पित्त आणि पित्ताशय

आपल्या बोलण्यात ‘पित्त’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. ‘पित्त खवळले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा जठरातील आम्लामुळे होणारी जळजळ अभिप्रेत असते. पित्ताशयातील पित्त निराळे. हा हिरवट-पिवळा पाचक रस यकृतात तयार होतो आणि त्याचे प्रमाण दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर असते. यकृताच्या खाली असलेल्या पेरूच्या आकाराच्या लहानशा पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, दोन जेवणांच्या मधल्या काळात ते साठते व घट्ट होते. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोहोचले की पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त नलिकेवाटे आतड्यात सोडते.

पित्ताशय काढल्यानंतरही यकृत पित्त तयार करीतच राहते. फक्त साठवणीची जागा नसल्यामुळे ते थोडेथोडे सतत आतड्यात उतरते. म्हणून पित्ताशयावाचून पचन अडत नाही. मात्र पोटातील जळजळ आम्लामुळे होत असेल, तर ती या शस्त्रक्रियेने थांबेलच असे नाही. हे आधी ठाऊक नसल्यास रुग्णाची नाहक निराशा होते. आणखी एक गैरसमज मूतखड्याशी केलेल्या तुलनेतून येतो. मूतखड्यासाठी घरोघरी सुचविले जाणारे कुळथाचे कढण किंवा भरपूर पाणी यांनी पित्ताशयातील खडे विरघळत नाहीत. नुसते खडे काढून पिशवी ठेवली, तर त्यात पुन्हा खडे होण्याची शक्यता राहते. म्हणूनच पिशवीच काढावी लागते.

वाट बदलली, काम तेच राहिले

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे केली. त्यांच्या ४३ वर्षांच्या रुग्णाला सुमारे सहा आठवडे रुग्णालयात राहावे लागले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे पोटावर मोठा छेद घेऊनच ही शस्त्रक्रिया होत असे. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतीलच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साह्याने प्रथम पित्ताशय काढले. भारतात हे कार्य १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केले. सर्वसामान्य रुग्णांच्या सरकारी रुग्णालयात ही पद्धती प्रथम रुजली, हे विशेष होय. डॉ. उदवाडिया यांचे जानेवारी २०२३ मध्ये निधन झाले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. शतकभरात शरीरात शिरण्याची वाट लहान झाली, पण आत करावयाचे काम तेच राहिले. आजही पित्ताशयाची नळी व रक्तवाहिनी बंद करून कापावी लागते आणि पिशवी यकृतापासून सोडवावी लागते. बाहेरची जखम अर्धा-एक सेंटिमीटरची दिसली, तरी आतली जखम भरून येण्यास तिचा वेळ द्यावाच लागतो. नळीवर लावलेल्या धातूच्या क्लिपा बहुधा कायम आत राहतात आणि त्यांचा त्रास होत नाही. पुढे कधी एमआरआय करावयाचा झाल्यास मात्र त्यांची माहिती तेथे सांगावी.

पहिला आठवडा

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगविण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. त्याचा थोडा अंश मागे राहतो आणि छाती व पोट यांमधील पडद्याला चुरचुर लावतो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच मार्गाने मेंदूकडे जात असल्यामुळे वेदना खांद्यात जाणवते. अनेक रुग्ण याने घाबरतात. परंतु दोन-तीन दिवसांत हे दुखणे ओसरते. घसा खवखवणे, किंचित मळमळ, छेदांभोवती दुखणे आणि थकवा हेही स्वाभाविक आहे.

विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळून राहणे नव्हे. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. त्यामुळे वायू सरतो, आतडी कामाला लागतात आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. दिवसातून अनेकदा दीर्घ श्वास घ्यावा. खोकताना किंवा हसताना पोटावर उशी हलकेच दाबून धरली की वेदना कमी होतात. जिना सावकाश चढण्यास हरकत नाही. आंघोळ केव्हा करावी हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. जखमा स्वच्छ व कोरड्या ठेवाव्यात. त्यांवर हळद, तेल किंवा पावडर लावू नये.

वजन उचलण्याबाबत मात्र काटेकोर राहावे. पाण्याने भरलेली मोठी बादली सहज १५ किलोंची होते आणि घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो. कडेवरचे मूलही याच हिशेबात धरावे. जड वजनाने, विशेषतः बेंबीजवळच्या छेदातून, हर्निया होण्याचा संभव असतो. म्हणून सुमारे चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलू नयेत. बैठे काम करणारी व्यक्ती सामान्यतः एक ते दोन आठवड्यांत कामावर जाऊ शकते. लोकलच्या गर्दीत पोटाला धक्का बसतो, म्हणून सुरुवातीस गर्दीची वेळ टाळावी. अचानक ब्रेक दाबताना दुखत नाही, अशी खात्री होईपर्यंत कोणतेही वाहन चालवू नये. पोटावर मोठा छेद घेतला असेल, तर या साऱ्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

आहार आणि उपवास

सुरुवातीस पेज, मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, ताक असा हलका आहार घ्यावा. त्यानंतर तांदळाची भाकरी, भाज्या, वाफवलेली मासळी किंवा पातळ कालवण हळूहळू सुरू करावे. आपल्या किनारपट्टीवरील जेवणात खोबरे आणि तळलेली मासळी यांना मोठे स्थान आहे. त्यांचा कायमचा त्याग करण्याचे कारण नाही. पहिले काही आठवडे तेलकट व तुपकट पदार्थ कमी ठेवावेत आणि मग एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात घेऊन पाहावा. एकाच वेळी भरपेट जेवण्यापेक्षा थोडे थोडे, चार-पाच वेळा खाणे सोयीचे ठरते.

काही रुग्णांना जेवणानंतर लगेच शौचास जावे लागते किंवा शौचास पातळ होते, कारण पित्त सतत आतड्यात उतरत असते. बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत हे सुधारते. न सुधारल्यास सहन करीत बसू नये, त्यावर औषध उपलब्ध आहे. याउलट, वेदनाशामक गोळ्यांमुळे कोणाला बद्धकोष्ठही होते.

या काळात कडक उपवास टाळावेत. जखम भरून येण्यासाठी शरीराला प्रथिनांची गरज असते. शस्त्रक्रियेनंतर लगेच प्रायश्चित्तकाळ आला, तरी रुग्णाने मनात अपराधी भावना बाळगू नये. आजारी व्यक्तीस ख्रिस्तसभेने उपवासाच्या बंधनातून मोकळीक दिलेली आहे. प्रार्थना व दानधर्म हे मार्ग त्यांना खुले आहेतच.

धोक्याची लक्षणे

घरच्यांनी एक साधी कसोटी लक्षात ठेवावी: प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा थोडा बरा गेला पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस बरे जाऊन मग पोटदुखी वाढू लागली, पोट फुगले, उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा १०१ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढला, तर ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून वाट पाहू नये. आत पित्त गळत असल्याचे ते लक्षण असू शकते. डोळे वा त्वचा पिवळी होणे, लघवी गडद व शौचाचा रंग फिका होणे हे पित्तनलिकेत अडथळा असल्याचे सूचित करते. नलिकेत राहिलेला खडा काही आठवड्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, असा त्रास देऊ शकतो. तो बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे ही तर तातडीची बाब होय.

उलव्यातील अनेक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी बेलापूर, नेरूळ, पनवेल किंवा मुंबईस जातात. अशांनी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि संपर्काचा दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवावा. रात्री-अपरात्री वाहन न मिळाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

दोन गोष्टी उशिराच्या असल्याने हमखास विसरल्या जातात. पहिली, भरून आलेला छेद तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा पुन्हा कडक होऊन वाहू लागणे. कधी कधी हा संसर्ग क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतील अन्य जंतूंमुळे होतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. तेव्हा औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या न आणता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावे. दुसरी गोष्ट म्हणजे काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीचा अहवाल. तो घरी परतल्यानंतर काही दिवसांनी येतो आणि टाके बरे दिसत असल्यामुळे कोणी आणावयास जात नाही. खडे समजून काढलेल्या पित्ताशयात क्वचित कर्करोग आढळतो, आणि उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे. उलव्यात देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे राहतात, हे ध्यानी घेता हा अहवाल मागून घेणे आणि डॉक्टरांना दाखविणे कोणीही टाळू नये.

शेजारधर्माचे महत्त्व

औषधे रुग्णालय देते, पण चार आठवड्यांची उसंत घर आणि शेजारच देऊ शकतात. पतीने व मुलांनी पाणी, बाजारहाट, केर-कपडे ही कामे वाटून घ्यावीत. शेजाऱ्यांनी एका वेळचा डबा द्यावा, मुलांना शाळेतून आणावे आणि रुग्ण एकटी असल्यास दुपारी दार ठोठावून विचारपूस करावी. लहानशा पट्टीखाली मोठी जखम भरून येत आहे, याची जाणीव घरातील प्रत्येकाला झाली, तर रुग्णाला हक्काची विश्रांती मागावी लागणार नाही.