कुळ-मुंडकारांच्या मुख्यमंत्री

गोव्याला आजवर एकच महिला मुख्यमंत्री लाभली, आणि तिच्याविषयी बोलताना सुरुवात बहुधा तिच्या वडिलांपासून होते. ऑगस्ट 1973 मध्ये ते, म्हणजे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, वारले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्या आधीपासून मंत्रिमंडळात होत्या, तरी भाऊसाहेबांची मुलगी नसत्या तर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) इतक्या चटकन त्यांचं नाव पुढे केलं नसतं, हे मान्य करायलाच हवं. पण घराण्यामुळे मिळालेली सत्ता त्यांनी कशासाठी वापरली, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्या काळातल्या दोन कायद्यांत सापडतं. शिवाय 1977 च्या निवडणुकीत त्या स्वतः लोकांपुढे गेल्या. भाऊसाहेबांना जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. तरी तीसपैकी पंधरा जागा मगोकडे आल्या. केवळ सहानुभूती इतकी टिकत नाही.

भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार आणि भाटकाराची शेती खंडाने कसणारा कूळ, हे मगोच्या राजकारणाचा पाया होते. भाऊसाहेबांच्या सरकारने 1964 मध्ये कूळ कायदा करून कसणाऱ्याला संरक्षण दिलं, पण मालकी भाटकाराकडेच राहिली. ताईंच्या सरकारने 1975 मध्ये मुंडकाराला घरातून हुसकावण्यावर बंदी घातली, त्याला घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारा कूळ कायद्याने मालक ठरला. म्हणजे वडील जिथे थांबले होते, तिथून मुलगी पुढे गेली. ज्या माणसाचं मत, मजुरी आणि राहतं घर तिन्ही एकाच भाटकाराच्या मर्जीवर अवलंबून होतं, त्याच्यासाठी हा बदल निवडणुकीच्या निकालाहून फार मोठा होता.

हे कायदे कागदावरच राहिले, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. दुरुस्तीला न्यायालयात आव्हान मिळालं, मामलेदारांकडे प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहिली; 2014 मध्ये सरकारने कुळांचे दावे दिवाणी न्यायालयांकडे सोपवून ते दाखल करायला मुदत घातली, तेव्हाही कितीतरी कुटुंबांच्या नावावर जमीन चढलेली नव्हती. पण ही दिरंगाई पुढच्या सगळ्या सरकारांच्या माथी येते. त्या पाचव्या दुरुस्तीला धक्का लागतो म्हणताच 2014 नंतर गावोगावची कुळं अस्वस्थ झाली, यातूनच तिचं मोल कळतं.

खरा दोष दुसरीकडे आहे. यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध उभे राहिलेले रापणकार, म्हणजे पारंपरिक मच्छीमार, आणि बसभाड्यात सवलत मागणारे विद्यार्थी हे पुष्कळसे त्याच कष्टकरी घरांतले होते. त्यांना ताईंच्या सरकारने शत्रूसारखं वागवलं, आणि ही चूक माझ्या मते पक्षांतरापेक्षा महाग पडली. एप्रिल 1979 मध्ये स्वपक्षाचेच आमदार फुटून सरकार पडलं हे निमित्त झालं. 1980 मध्ये मगो सातवर आला तो लोकांच्या नाराजीमुळे. त्यात आणखी एक गोष्ट घडली असावी: ज्याची जमीन त्याची झाली, त्याला पक्षाच्या सावलीची पूर्वीइतकी गरज उरली नाही.

नंतर काँग्रेस, स्वतःचा पक्ष आणि पुन्हा मगो असा त्यांचा प्रवास झाला, त्यातलं थोडंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. लक्षात राहावा असा निर्णय 1990 चा. शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान भारतीय भाषांतल्या शिक्षणाशी बांधलं. कोकणी की मराठी या राजभाषेच्या वादात त्या मराठीच्या बाजूने ठाम उभ्या होत्या, तरी या धोरणाचा लाभ कोकणी शाळांनाही तितकाच झाला. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाला अनुदान देऊ केलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आघाडीवर होत्या, आणि तिथे कोकणीवादी व मराठीवादी एकाच मागणीसाठी शेजारी बसले होते. 2016 मध्ये ताईंचं निधन झालं तेव्हा अनुदानाचा हा वाद मिटला नव्हता.