धुलाईयंत्रातील पाण्याचा निचरा

धुलाईयंत्राचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच कपडे घुसळण्याच्या क्रियेकडे जाते. परंतु धुलाईच्या प्रत्येक फेरीत यंत्राला अनेकदा पाणी भरून घ्यावे लागते आणि तितक्याच वेळा ते बाहेर टाकावे लागते. हा निचरा नीट झाला नाही, तर मळकट पाणी कपड्यांतच राहते, पिळण्याची क्रिया सुरू होत नाही आणि पुढून दार असलेल्या यंत्राचे दारही उघडत नाही. अशा वेळी यंत्र निकामी झाले असे समजून पंप बदलण्याचा खर्च केला जातो. वस्तुतः पुष्कळदा दोष पाण्याच्या वाटेतील एखाद्या साध्या अडथळ्याचा असतो. म्हणून ही वाट प्रथम समजून घेणे इष्ट होय.

निचऱ्याच्या दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत पाणी स्वतःच्या भाराने खाली वाहून जाते. दोन टाक्यांची अर्धस्वयंचलित यंत्रे बहुधा या प्रकारची असतात. वरून झाकण असलेली अनेक स्वयंचलित यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. टाकीच्या तळाशी रबराची झडप असते. अर्धस्वयंचलित यंत्रात कळ फिरवली की ही झडप उचलली जाते; स्वयंचलित यंत्रात हेच काम एक लहान मोटर करते. येथे पाणी वर चढवणारे काहीच नसल्यामुळे नळी जमिनीलगत, उताराने मोरीपर्यंत नेली पाहिजे. ती उंबऱ्यावरून वा उंच कठड्यावरून नेल्यास तेवढे पाणी टाकीतच साचून राहते.

दुसऱ्या पद्धतीत पंप पाणी वर उचलून बाहेर फेकतो. पुढून दार असलेली यंत्रे या प्रकारची असतात. त्यांची नळी उलट उंचावरून न्यावी लागते. उत्पादक सामान्यतः जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटर उंची सुचवतात. नळीचे तोंड जमिनीवरच सोडले, तर ते टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली राहते आणि एकदा सुरू झालेला प्रवाह पंप थांबल्यावरही सायफनच्या क्रियेने चालू राहतो. मग यंत्र पाणी भरत राहते आणि ते तसेच वाहून जाते. नळी मर्यादेपेक्षा फार उंच नेली, तर पंपाची शक्ती अपुरी पडते. एका पद्धतीत योग्य असलेली मांडणी दुसरीत दोष ठरते, हे येथे ध्यानात घ्यावे.

दोष शोधण्याचा क्रम

कोणत्याही तपासणीपूर्वी यंत्र बंद करून प्लग भिंतीतून काढून घ्यावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पाण्याचा नळ बंद करावा. गरम पाण्याने धुलाई चालू असल्यास पाणी निवेपर्यंत थांबावे, कारण पुढे गाळणी उघडताना हे पाणी अंगावर येऊन भाजण्याचा संभव असतो.

तपासणी बाहेरून आत करावी. नळी भिंतीमागे दुमडली किंवा यंत्राखाली दबली आहे काय, हे प्रथम पाहावे. नंतर तिचे टोक सांडपाण्याच्या नळातून काढून, त्याच उंचीवर धरलेल्या बादलीत सोडावे आणि एवढ्यापुरता प्लग पुन्हा लावून निचरा सुरू करावा. बादली भरण्यापूर्वी यंत्र थांबवावे. पाणी जोराने आले, तर यंत्र निर्दोष असून घराचा नळ किंवा मोरीची जाळी तुंबली आहे, असा निष्कर्ष निघतो.

पाणी आले नाही, तर प्लग काढून गाळणीकडे वळावे. पंप असलेल्या बहुतेक यंत्रांत ती पुढील बाजूस, खाली, एका लहान झाकणाआड असते. तिच्यापुढे पसरट भांडे व फडके ठेवून ती सावकाश सैल करावी. नाणी, बटणे, केसांच्या पिना, तुटलेली नाडी, लहान मुलाचा मोजा आणि कपड्यांचा लोकर यांचा साठा येथे सापडतो. गाळणीच्या मागे पंपाचे पात्यांचे चाक दिसते. त्याला दोरा वा केस गुंडाळलेले असल्यास काढावेत.

आवाजावरूनही दोषाचा अंदाज येतो. पंप नुसताच गुणगुणत असेल आणि पाणी हलत नसेल, तर चाक अडकलेले असते. पंप चालल्याचा आवाज येऊनही पाणी येत नसेल, तर नळी तुंबलेली असते किंवा टाकीत फेस फार झालेला असतो. फेसात मुख्यत्वे हवाच असते आणि हा पंप हवा पुढे ढकलू शकत नाही. हाताने धुण्याची पावडर अशा यंत्रात वापरल्यास हा प्रकार हमखास घडतो. फेस बसू द्यावा आणि पुढील वेळी यंत्रासाठी असलेली पावडर बेताने घ्यावी. आवाजच होत नसेल, तर पंपापर्यंत वीज पोचत नसेल किंवा त्याचे वेटोळे जळलेले असेल.

टाकी रिकामी असूनही यंत्र पुढे सरकत नसेल, तर पातळी ओळखणाऱ्या बारीक नळीत मळ साचल्याचा संभव असतो. ही नळी आणि विजेच्या जोडण्या मात्र जाणकार कारागिराकडेच सोपवाव्यात. ओल्या जमिनीवर उभे राहून यंत्राची मागची बाजू उघडणे जिवावर बेतू शकते. अर्थिंग सुस्थितीत आहे, याचीही खात्री करून घ्यावी.

कपडे टाकण्यापूर्वी खिसे तपासणे, लहान कपडे जाळीच्या पिशवीत घालणे आणि महिन्यातून एकदा गाळणी धुणे, एवढी दक्षता घेतल्यास निचऱ्याच्या बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.