फरशीखालची हवा आणि भिंतीतली ओल : ओरछा गेटच्या निमित्ताने

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील जो दरवाजा ओरछ्याच्या वाटेवर उघडतो, तो ओरछा गेट. मराठी वाचकाला हे नाव बहुधा १८५८ च्या वेढ्याच्या कथांतून परिचित असते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र इतिहास नाही. तटाच्या आतील वस्ती पिढ्यानपिढ्या दाट होत जाते, घराला घर लागते, दोन घरांमधली मोकळी जागा नाहीशी होते आणि तळमजल्याच्या खोल्यांना एकाच बाजूने, तीही अरुंद गल्लीतून, हवा मिळते. पावसाळा संपून महिना लोटला तरी अशा खोलीतील कुबट वास जात नाही. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा गिलावा फुगतो, त्यावर लोणा धरतो आणि कपाटामागे बुरशीचे काळपट ठिपके उमटतात. भारतातील कोणत्याही जुन्या तटबंद शहरात हेच दिसेल. झाशीचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, येथील हवामान वर्षातील आठ महिने कोरडे असते. कोरड्या प्रदेशातील घर ओले का राहते, हा प्रश्न सोडविला तर ओलीचे संपूर्ण शास्त्र हाती येते आणि त्यामागचे अर्थशास्त्रही.

ओल कोठून येते?

घरातील ओलीचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग वरून वा बाहेरून येणाऱ्या पाण्याचा. गळके छत, फुटलेला नळ, भिंतीवर आपटणारा पाऊस. दुसरा जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याचा. वीट, चुना, मुरूम यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर खेचले जाते; दिव्याच्या वातीतून तेल चढते तसेच. तिसरा मार्ग हवेतील बाष्पाचा. स्वयंपाक, आंघोळ, ओले कपडे आणि माणसांचा श्वास यांतून निर्माण होणारे बाष्प थंड पृष्ठभागावर साचते. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वेगळे पाणी लागत नाही.

झाशी परिसराचा खडक बुंदेलखंडी ग्रॅनाइट आणि नाईस जातीचा, म्हणजे कठीण आहे. पावसाचे पाणी फार खोल न मुरता वरच्या झिजलेल्या थरात राहते. ते पायाच्या दगडी बांधकामातून भिंतीत चढते आणि सोबत जमिनीतील क्षारही नेते. पाऊस थांबल्यावर खरी हानी सुरू होते. उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात भिंतीतील पाणी झपाट्याने उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून फोडतात. म्हणजे कोकणातील भिंत ओली राहून खराब होते, तर बुंदेलखंडातील भिंत दरवर्षी ओली होऊन दरवर्षी वाळते, म्हणून खराब होते. दोन्हीकडे उपाय एकच असेल, असे मानण्याचे कारण नाही.

फरशीखाली हवा खेळवण्याची कल्पना

थंड आणि ओल्या हवामानाच्या इंग्लंडमध्ये तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची करण्याची जुनी पद्धत आहे. फळ्यांखाली तुळया आणि तुळयांखाली पोकळी. मातीतून येणारे बाष्प या पोकळीत कोंडले तर तुळया कुजतात, म्हणून समोरासमोरच्या बाह्य भिंतींत जमिनीलगत सच्छिद्र विटा बसवून वारा आरपार जाऊ देतात. तेथील बांधकाम नियमांनुसार फरशीखाली किमान १५० मिलिमीटर मोकळी जागा असावी लागते. हवेच्या छिद्रांचे क्षेत्रफळ बाह्य भिंतीच्या प्रत्येक मीटरला १,५०० चौरस मिलिमीटर किंवा जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला ५०० चौरस मिलिमीटर, यांपैकी जे अधिक भरेल ते धरतात. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीच्या दोन्ही लांब भिंती बाहेरच्या असतील, तर पहिल्या हिशेबाने १२,००० आणि दुसऱ्याने ६,००० चौरस मिलिमीटर येतात. म्हणजे पहिला आकडा लागू. एकूण सुमारे ११ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाएवढी ही छिद्रे होतात. एवढ्याशा जागेवर तुळयांचे आयुष्य अवलंबून असते. घरमालकाने बागेची माती चढवून वा थंडी टाळण्यासाठी ती बुजवली, तर काही वर्षांत जमीन खचू लागते.

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणावी काय? येथे दवबिंदू समजून घेतला पाहिजे. हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प ती धरते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेते. ऑगस्टमधील ३० अंश तापमानाची आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे २६ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातून पाणी सुटू लागते. फरशीखालची सावलीतील पोकळी २५ अंशांवर असेल, तर बाहेरची हवा तेथे खेळवून पोकळी वाळणार नाही, उलट ओली होईल. पावसाळ्यात तळमजल्याच्या फरशीला ‘घाम’ सुटतो तो याच कारणाने. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना या दमट राज्यात २०००च्या दशकात घरांखालच्या पोकळ्यांची प्रत्यक्ष मोजमापे झाली, तेव्हा झरोके असलेल्या पोकळ्यांपेक्षा, जमिनीवर बाष्परोधक पटल अंथरून बंद केलेल्या पोकळ्या अधिक कोरड्या आढळल्या. वायुवीजन म्हणजे ओल घालविण्याचा हमखास उपाय नव्हे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा खरोखर कोरडी असेल, तेव्हाच ते उपयोगी पडते.

झाशीत ही अट वर्षातील बहुतेक काळ पूर्ण होते, पण जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत होत नाही. तेथे लाकडी तळजमिनीऐवजी भरावावर घातलेली फरशीच सर्वत्र असल्याने हवा खेळण्याजोगी पोकळीही नसते. तिची जागा आपल्या परंपरेत जोत्याने घेतली आहे. कोकणातील जांभ्याचे घर असो वा उत्तरेतील हवेली, उंच जोते म्हणजे राहती जमीन आणि ओली माती यांतील अंतर. शेणाने सारवलेली जमीन ओल अडवीत नव्हती. ती बाष्प हळूहळू वर सोडून देत होती आणि घरातील आरपार वारा ते वाहून नेत होता.

जुन्या घरात बिघडते ते काय?

आता जुन्या वस्तीत तीन बदल एकाच वेळी होताना दिसतात. पहिला, रस्ता. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढविण्याची पद्धत अनेक नगरांत रूढ आहे. दर थरागणिक रस्ता उंच होतो, जोते मात्र जेथल्या तेथे राहते. एके काळी तीन पायऱ्या चढून ज्या घरात जावे लागे, तेथे काही दशकांनी पायरी उतरून जावे लागते आणि गटाराचे पाणी भिंतीच्या बुंध्याशी येते. दुसरा बदल, जमीन. सारवलेल्या वा दगडी जमिनीवर चकचकीत टाइल बसविल्या की खालची ओल वर सुटू शकत नाही. ती बाजूला सरकून भिंतीत चढते. तिसरा, गिलावा. चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल दिसेनाशी होते, पण बाहेर पडण्याची वाट न मिळाल्याने ती अधिक उंच चढते. दोन वर्षांनी गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा दिसतो. मग गिलावा आणखी वर नेला जातो. हा उपाय नसून रोगाची उंची वाढविणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीचा क्रम म्हणूनच पाण्यापासून सुरू व्हावा. गटार वाहते करणे, पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर सोडणे, भिंतीलगत बाहेरच्या बाजूस उताराची फरसबंदी करणे, ही कामे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक. त्यानंतर खालचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करणे. वायुवीजन त्याहीनंतर. समोरासमोर झरोके शक्य नसतील तर चौकाची वा जिन्याची उंच जागा धुराड्यासारखी उपयोगात आणता येते. उष्ण हवा वर निघून जाते आणि खालून नवी येते. भिजलेल्या पावसाळी दिवसांत बाहेरची हवा घरात घेऊन फारसे काही वाळत नाही. स्वयंपाकघरातील बाष्प मात्र तेव्हाही बाहेर काढलेच पाहिजे. राष्ट्रीय बांधकाम संहितेने खिडक्या-झरोक्यांचे किमान क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवामानात जमिनीच्या एक-दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश ठेवले आहे. हा फरक पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घ्यावे.

आरोग्य आणि कायदा

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाचे विकार आणि दमा यांचे प्रमाण अधिक असते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत चर्चेत आलेला ‘काळी बुरशी’ हा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. भिंतीवरील काळ्या ठिपक्यांशी त्याची गल्लत करू नये.

घराची हवा हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे भारतीय प्रशासनाने प्रथम मोठ्या प्रमाणावर मानले ते मुंबईत, १८९६ च्या प्लेगनंतर. घरांची कौले काढून आत उजेड आणि वारा सोडण्यात आला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, कोंदट हवेमुळे नव्हे, हे पुढे सिद्ध झाले. निदान चुकले, पण घराला हवा हवी हा आग्रह टिकला. त्यासाठी ज्यांची घरे पाडली गेली, त्यांना हा आग्रह महागात पडला, हेही नोंदविले पाहिजे.

खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा?

ओलीवरील तंत्र माहीत असूनही ते वापरले का जात नाही? उत्तर अर्थशास्त्रात आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असममित माहितीचा सिद्धांत मांडला आणि २००१ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. एप्रिलमध्ये नुकतीच रंगविलेली खोली पाहणाऱ्या भाडेकरूची स्थिती नेमकी तशीच असते. मालकाला भिंत ठाऊक असते, भाडेकरूला रंग दिसतो. कोरड्या घराला त्याच्या गुणाचे भाडे मिळत नसेल, तर कोरडे घर बांधण्यात कोणी पैसा घालणार नाही.

दुसरी अडचण प्रेरणांच्या फारकतीची. दुरुस्तीचा खर्च मालकाचा, लाभ भाडेकरूच्या फुप्फुसांचा. मुंबई राज्याच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली, तेव्हा मालकांचा दुरुस्तीतील रस संपला. अखेर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळ निर्माण करून उपकराच्या साह्याने ती जबाबदारी शासनाला अंगावर घ्यावी लागली. झाशीला लागू असलेल्या उत्तर प्रदेशाच्या १९७२ च्या भाडेकायद्याने घर वारा-पाण्यापासून सुरक्षित ठेवण्याचे बंधन मालकावर घातले होते. २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याच वर्षी केंद्राने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या अनुसूचीत संरचनात्मक दुरुस्ती आणि रंगसफेदी मालकाकडे, तर गटार साफ ठेवण्यासारखी किरकोळ कामे भाडेकरूकडे दिली आहेत. ओल मात्र या दोहोंच्या मधोमध पडते. ती संरचनेचा दोष आहे की राहणाऱ्याच्या सवयींचा, यावरच वाद होतो. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे २०२० मध्ये दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू घरातील बुरशीमुळे झाल्याचे मृत्यूचौकशीत निष्पन्न झाले. त्यातून झालेल्या कायद्यानुसार, ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक गृहसंस्थांना अशा तक्रारींची ठरावीक मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करणे बंधनकारक झाले आहे. दोष कोणाचा हे ठरेपर्यंत थांबायचे नाही, हे या तरतुदीचे मर्म.

उंच होणाऱ्या रस्त्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथे मालक आणि भाडेकरू दोघेही निर्दोष असतात. रस्ता करणाऱ्या यंत्रणेच्या अंदाजपत्रकात घरांच्या भिंतींचे नुकसान कोठेच येत नाही. बाह्य परिणामाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

नव्या घरांचे जोते

जुन्या भिंतीत ओलरोधक थर घालणे कठीण आणि खर्चिक असते. नव्या घरात तो जोत्याच्या पातळीवर काँक्रीटच्या काही सेंटिमीटर जाडीच्या पट्टीने साधतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर उंच असावे लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात किमान २५ चौरस मीटर घरासाठी सपाट प्रदेशात १.२० लाख, तर डोंगराळ भागात १.३० लाख रुपये साहाय्य ठरविण्यात आले. ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते आणि प्रगतीची भू-अंकित छायाचित्रे घेतली जातात. एवढ्या रकमेत घर उभे करणारे कुटुंब काटकसर करते ती जमिनीखाली, कारण भिंत आणि छप्पर दिसते, ओलरोधक थर दिसत नाही. गिलावा झाल्यावर तो घातला होता की नाही, हे कोणत्याही छायाचित्रावरून सांगता येत नाही. जोते उघडे असलेल्या त्या चार-आठ दिवसांतच ते पाहता येते.