तांबड्या समुद्राचं भाडं

युद्धाचा जमाखर्च : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण इराकच्या हिशेबापाशी थांबलो होतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने लढलेल्या युद्धांचा खर्च ब्राऊन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ८ लाख कोटी डॉलरच्या घरात काढला आहे. थेट हिंसेत मेलेल्या माणसांचा त्यांचा अंदाज ९ लाखांच्या पुढे जातो. असे आकडे वाचले की माणूस क्षणभर हबकतो आणि पान उलटतो. म्हणून आज आकडा लहान घेऊ, किलोमागे काही रुपयांचा. तो आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षांवर बसला, आणि वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही हिशेबवहीत त्याची नोंद नाही.

आधी माल कसा जातो ते पाहू. मोहाडी, जानोरी, खेडगाव या पट्ट्यातली थॉमसन जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान उतरते. घड पॅकहाऊसला येतात, निवडले जातात, पेटीत सल्फरचा कागद पडतो, प्री-कूलिंग होतं आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर कंटेनरमधून माल न्हावा-शेव्याला निघतो. तिथून एडनचं आखात, बाब-अल-मंदेबची चिंचोळी सामुद्रधुनी, तांबडा समुद्र, सुएझ कालवा आणि मग रॉटरडॅम. सगळं सुरळीत असेल तर तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास. द्राक्षाच्या देठाला एवढं सोसतं. त्यापुढे देठ तपकिरी पडू लागतो, मणी सैल होतात, आणि युरोपातला खरेदीदार पेटी उघडून आधी देठच बघतो.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथींनी ‘गॅलेक्सी लीडर’ नावाचं मालवाहू जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. गाझातल्या युद्धाचा निषेध, असं त्यांचं म्हणणं. ते जहाज तुर्कस्तानकडून निघालं होतं आणि गुजरातच्या पिपावाव बंदराकडे येत होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मर्स्कसारख्या मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबडा समुद्र टाळायला सुरुवात केली. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. ज्यांनी सुएझचाच रस्ता धरला, त्यांच्या विम्याचा युद्ध-हप्ता एका फेरीला जहाजाच्या किमतीच्या १ टक्क्यापर्यंत चढला. नेमका तेव्हाच आपला हंगाम तोंडावर आला होता, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या गारपिटीने आधीच बागा झोडपल्या होत्या.

भाडं वाढलं म्हणजे शेतकऱ्याचं काय गेलं? कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्ष बसतं. समजा भाडं नेहमीपेक्षा २,००० डॉलरने वाढलं. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या डॉलरने ते १ लाख ६६ हजार रुपये होतात. १३ हजार किलोंवर वाटले की किलोमागे पावणेतेरा रुपये. हे पावणेतेरा रुपये रॉटरडॅमचा सुपरमार्केटवाला स्वतःच्या खिशातून देत नाही; त्याच्यापुढे दक्षिण आफ्रिकेचं द्राक्ष असतं आणि मे उजाडला की इजिप्तचंही येऊ लागतं. निर्यातदारही ते सगळे अंगावर घेत नाही. बांधावर भाव ठरताना ते मागे मागे सरकत येतात आणि ज्याच्या मागे सरकायला जागा नसते त्याच्यापाशी थांबतात. शिवाय माल उशिरा पोचला की इजिप्तच्या द्राक्षाशी गाठ पडते, हा तोटा वेगळाच. जो माल निर्यातीला गेला नाही तो इथल्याच बाजारात उतरतो आणि ज्याने आयुष्यात कधी कंटेनर भरला नाही, त्याचाही भाव पाडतो.

आता अमेरिकेकडे वळू. १८ डिसेंबर २०२३ ला त्यांनी ‘प्रॉस्परिटी गार्डियन’ ही नौदल मोहीम जाहीर केली आणि १२ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनला सोबत घेऊन येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. काही हजार डॉलरचं ड्रोन पाडायला वीस लाख डॉलरच्या आसपासचं क्षेपणास्त्र वापरायचं, असा तो व्यवहार. ट्रम्प आल्यावर १५ मार्च २०२५ पासून मारा कैक पटींनी वाढला. तीन आठवड्यांतच खर्च १ अब्ज डॉलरच्या जवळ गेल्याच्या बातम्या आल्या. ‘हॅरी ट्रुमन’ या विमानवाहू जहाजावरची दोन एफ-१८ विमानं या काळात समुद्रात गेली. त्यातलं एक हँगरमध्ये ओढून नेताना जहाजावरून घरंगळलं.

पण खरी किंमत येमेनने मोजली. १७ एप्रिलला रास इसाच्या तेलबंदरावर हल्ला झाला, त्यात सत्तरहून अधिक माणसं मेल्याचं हुथी प्रशासनाने सांगितलं. २८ एप्रिलला सादा शहरात आफ्रिकी स्थलांतरितांच्या कोठडीवर बॉम्ब पडले. त्यांच्याच सांगण्यानुसार मृत ६८. हे इथिओपियाकडून पोटासाठी निघालेले लोक. हुथी कोण आणि अमेरिका कोण, याच्याशी त्यांना काय घेणं असणार? त्याआधी सात-आठ वर्षं सौदीच्या आघाडीने हाच देश भाजून काढला होता आणि २०१८ पर्यंत त्या विमानांना हवेत इंधन अमेरिकाच पुरवत होती. २०२१ अखेरपर्यंत त्या युद्धाने, उपासमार आणि रोगराई धरून, ३ लाख ७७ हजार बळी घेतल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. हुथी एवढे चिवट का, याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे.

६ मे २०२५ ला ओमानच्या मध्यस्थीने समझोता झाला. हुथी अमेरिकी जहाजांवर हल्ले करणार नाहीत, अमेरिका बॉम्ब टाकणार नाही. बाकीच्या जगाची जहाजं? त्यांचा त्यात विचार नव्हता. जुलैत ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजं हुथींनी काही दिवसांच्या अंतराने बुडवली. समुद्र मोकळा करण्यासाठी म्हणून लढलेलं युद्ध संपलं, आणि कंटेनर कंपन्या केपचाच वळसा घेत राहिल्या. २०२४ प्रमाणे २०२५ चाही आपला हंगाम त्याच लांबच्या रस्त्याने गेला. सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरच्या वर होतं, ते पुढच्याच वर्षी ४ अब्जांवर आलं.

या मोहिमेवर अमेरिकेच्या वरिष्ठ मंत्र्यांत काय चर्चा झाली, हे जगाला एका विचित्र अपघाताने कळलं. सिग्नलवरच्या त्यांच्या गटात ‘द अटलांटिक’च्या संपादकाला चुकून घेतलं गेलं. उपाध्यक्ष व्हान्स यांची तक्रार अशी की सुएझमधून अमेरिकेचा ३ टक्के व्यापार जातो आणि युरोपचा ४० टक्के. मग युरोपसाठी पुन्हा आपणच का झिजायचं? दुसऱ्याचं म्हणणं, युरोप आणि इजिप्तकडून नंतर काहीतरी वसूल करू. खर्चाची चर्चा झाली नाही असं नाही, झाली. पण तिच्यात जमेला आणि खर्चाला धरलेली माणसं ठरावीकच होती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. जहाजांवर हल्ले अमेरिकेने केले नाहीत, हुथींनी केले. मग कोणीच काही करायचं नव्हतं का? करायचं होतं, आणि भारताने केलंही. आपण अमेरिकेच्या मोहिमेत सामील झालो नाही, पण नौदलाच्या दहाहून अधिक युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडे उतरवल्या. ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज जानेवारी २०२४ मध्ये पेटलं, तेव्हा ‘आयएनएस विशाखापट्टणम’च्या लोकांनी आग विझवली, जहाजावर २२ भारतीय खलाशी होते. मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर हल्ला होऊन तिघे मेले, उरलेल्यांना ‘आयएनएस कोलकाता’ने उचललं. याने भाडं उतरलं नाही, हे कबूल. पण बॉम्ब टाकूनही उतरलं नाही, आणि आपल्या मार्गात कोणाच्या कोठडीवर बॉम्ब तरी पडला नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

आणि सगळं खापर परदेशावर फोडण्याची सोयही आपल्याला नाही. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या पंधरवड्यात, तांबडा समुद्र तापत असतानाच, आपल्याच केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दिंडोरी आणि वणीच्या बाजारात त्याचा फटका द्राक्षाच्या भाड्यापेक्षा जास्त लोकांना बसला. ती बंदी उठली ४ मे २०२४ ला, मतदान दोन आठवड्यांवर आल्यावर, आणि तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. निकालात दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, भास्कर भगरे लाखाच्या वर मतांनी निवडून आले. पराभवाची कारणं अनेक असतील. कांदा त्यातलं एक नव्हतं, असं म्हणणारा माणूस मात्र या तालुक्यात मला भेटलेला नाही.

माझं म्हणणं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावरच नीट कळेल. निर्यातबंदी ज्यांनी केली, त्यांना शेतकरी मतदान केंद्रावर गाठू शकला. किलोमागचे पावणेतेरा रुपये ज्या निर्णयांतून आले, ते घेणारे सना, तेल अवीव आणि वॉशिंग्टनमध्ये बसतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही मतदारयादीत मोहाडीचं नाव नाही. अमेरिकी हस्तक्षेपाच्या खर्चावरची सगळी चर्चा, मग ती विरोधाची असो की समर्थनाची, प्रामुख्याने अमेरिकी करदात्याला आणि अमेरिकी सैनिकाला समोर ठेवून चालते. ते स्वाभाविक आहे, लोकशाहीत तसंच व्हायचं. पण म्हणूनच तिच्यातून निघणारी बेरीज कायम अपुरी राहते, ८ लाख कोटींची असली तरी.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. वाढीव भाडं कोण सोसणार, हे बागायतदार आणि निर्यातदार यांच्यात बहुधा तोंडीच राहतं, आणि तोंडी राहिलं की ते बागायतदाराच्या अंगावर येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर सौद्याची बोलणी सुरू होतील तेव्हा दर, मापाची साइज आणि पैसे मिळण्याची मुदत यांच्या जोडीला ही ओळही कागदावर आणायला हवी : जहाज सुएझऐवजी केपवरून गेलं, तर फरक कोणाचा.

(पुढच्या भागात : १९९१ च्या आखाती युद्धात मुंबईत इंधन भरायला उतरलेली अमेरिकी लष्करी विमानं, आणि त्यावरून दिल्लीत उठलेलं वादळ.)