एकाच प्रेमकथाकाराला वाचवायचं असेल तर? माझं मत फडक्यांना

कपाटातली एकाच लेखकाची पुस्तकं वाचवता येणार असतील, तर मी ना. सी. फडके उचलेन. वि. स. खांडेकरांच्या चाहत्यांनो, थांबा, आधी ऐकून घ्या!

फडके (१८९४–१९७८) कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, आणि ते कादंबरीत दिसतं. ‘अल्ला हो अकबर’ (१९१७) ही पहिली कादंबरी मेरी कॉरेलीच्या कथेवर बेतलेली. पुढे ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ यांनी तरुण वाचकांना वेड लावलं.

त्यांचे नायक-नायिका शिकलेले, नीटनेटके, टेनिस खेळणारे. पोटापाण्याची चिंता फारशी कुणाला नाही. टीकाकारांनी यावरूनच त्यांना झोडपलं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण पात्रं एकमेकांसमोर केव्हा आणायची, गैरसमज किती ताणायचा, कोणती गोष्ट वाचकापासून दडवायची, याचा हिशोब फडक्यांइतका पक्का मला दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. प्रकरण अशा जागी तोडतात की दिवा मालवायचं राहून जातं. हे तंत्र त्यांनी लपवलंही नाही. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून उघड शिकवलं. कला कशासाठी, या प्रश्नावर कादंबरीकार खांडेकरांची बाजू ‘जीवनासाठी कला’, तर फडक्यांची ‘कलेसाठी कला’. तो वाद मराठीत वर्षानुवर्षं गाजला.

सगळं वाचू नका, पुष्कळ लिहिलंय आणि बरंच एका साच्यातलं आहे. ‘दौलत’पासून सुरुवात करा. जुन्या वाचनालयात हमखास मिळेल.

तुम्ही कुणाला वाचवाल? एकच नाव सांगा, दोन चालणार नाहीत.