तीन मिलिमीटर धातू

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारलं की गावाच्या नावाआधी एक उत्तर मिळतं: घाटावरचा की घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या सपाटीवर. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. रेल्वे खालून जाते. कापसासाठी जलंबहून खामगावला फाटा काढला गेला तो १८७० मध्ये. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण मात्र इंग्रजांनी थंड हवा बघून डोंगरावर ठेवलं, आणि बुलढाणा शहराला रेल्वे आजही नाही. मलकापूरहून निघालं तर राजूर घाट आडवा येतो, खामगावहून निघालं तर बोथ्याचा. सपाटीवरून वर येताना साडेतीनशे-चारशे मीटरची चढण अंगावर येते.

या भूगोलाचा आणि सायकलच्या क्रँकचा, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांड्याचा, फार जवळचा संबंध आहे. आपल्याकडची काळी, चोवीस इंची फ्रेमची, दांडीवाली सायकल सपाटीसाठी जन्मली. २८ इंची चाक, पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील, मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील असं धरलं, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर पुढे सरकते. नांदुऱ्याहून शेगावला जाताना, मागे पोत्याचं ओझं असलं तरी, हे गणित बरोबर बसतं. राजूर घाटात तेच गणित माणसाला खाली उतरवून सायकल ढकलायला लावतं. म्हणून माळ्यावरची किंवा गोठ्यातली आजोबांची सायकल काढून पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की घाटावरच्या माणसाचा पहिला प्रश्न रंगाचा नसतो, क्रँकचा असतो. या जुन्या क्रँकवर नवं काही बसेल का?

बसतं. पण सरळ बसत नाही. मध्ये एक तुकडा घडवावा लागतो, आणि तो कुठल्या बाजूने घडवायचा यावर सगळं अवलंबून आहे.

आधी जुनी रचना बघू. गोल एक्सल, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सपाट खाच, आणि क्रँकच्या डोळ्यातून आडवी घुसणारी पाचरीसारखी खिळी. हीच कॉटर. इंग्रजी पद्धतीच्या सायकलींवर ती साडेनऊ मिलिमीटर जाडीची. नवी कॉटर थेट बसत नाही, तिचा उतार कानशीने घासून खाचेला जुळवावा लागतो, आणि चांगला मिस्त्री ओळखायचा तो या घासण्यावरून. कॉटरची नट ही कॉटर ओढून बसवण्यासाठी नसते. ठोकून किंवा व्हाइसमध्ये दाबून बसवायची आणि मग नटने फक्त धरून ठेवायची. अनेक जण नटवरच जोर काढतात, आटे जातात, आणि दोष कॉटरला मिळतो. काढतानाही तीच घाई: क्रँकखाली पाइपचा तुकडा किंवा लाकूड न देता हातोडा घातला की तो दणका एक्सल ज्यांवर फिरतो त्या छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो.

ही खिळी किती सोसते याचा ढोबळ हिशोब करण्यासारखा आहे. सत्तर किलोचा माणूस १६५ मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर उभा राहिला, आणि कॉटर एक्सलच्या मध्यापासून जेमतेम आठ मिलिमीटरवर आहे. तरफेच्या नियमाने कॉटरवर येणारा दाब होतो दीड टनाच्या आसपास. बोटाएवढ्या खिळीवर दीड टन! ती झिजते, पायडलमध्ये खेळ येतो, प्रत्येक फेऱ्याला टक्-टक् ऐकू येतं, यात नवल नाही. नवल हे की एवढं होऊनही ती इतकी वर्षं टिकली.

टिकण्याचं कारण तांत्रिक कमी आणि बाजाराचं जास्त आहे. फ्रान्समध्ये स्ट्राँगलाइट कंपनीने १९३३ मध्येच अॅल्युमिनियमची, कॉटर नसलेली क्रँक बाजारात आणली. चौकोनी निमुळत्या एक्सलवर ती बोल्टने घट्ट ओढली जाते. त्यानंतर युरोपात प्रत्येक कारखान्याने आपलं वेगळं माप काढलं. इंग्लंडच्या वळणावर उभ्या राहिलेल्या आपल्या कारखान्यांनी उलटं केलं. चेन्नईजवळच्या अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये आली, सोनिपतला अॅटलास १९५१ मध्ये, लुधियान्यात हिरो १९५६ मध्ये. आसनसोलला सेन-रॅले होती, मुंबईत वरळीला हिंद सायकल्स. सगळ्यांनी तीच दांडीवाली सायकल, तीच कॉटर, पिढ्यान्‌पिढ्या बनवली. आपण याला मागासलेपण म्हणतो. पण मेहकरच्या किंवा लोणारच्या दुकानात आजही कॉटर, वाटी आणि एक्सल मिळतात ते याच न बदलण्यामुळे. २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलासच्या साहिबाबाद कारखान्याचं काम थांबलं, तरी जुन्या अॅटलासला सुटे भाग मिळायचे थांबले नाहीत. ते हिरोचेही बसतात.

अडचण सुरू होते ती या सरळ रस्त्यावरून हटलेल्या सायकलींवर. कुणाकडे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स सायकल असते, कुणी जुन्या बाजारातून फ्रेंच रेसर उचललेली असते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय पाहिलं की जुन्या सायकलींच्या रचनेत किती तऱ्हा होत्या याचा अंदाज येतो. अशा बऱ्याच सायकलींवर क्रँक कॉटरचीच, पण चेनव्हील वेगळं काढता येणारं, तीन बोल्टवर बसलेलं असतं. त्या तीन बोल्टच्या मध्यांतून वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास बहुधा ११६ मिलिमीटर भरतो. या मापाचं दातेरी चाक आज दुकानात मिळत नाही. मिळतात ती पाच बोल्टची, ११० किंवा १३० मिलिमीटर वर्तुळाची, नाहीतर चार बोल्टची, १०४ ची. मग उपाय असा की एक चकती, म्हणजे अडॅप्टर, करायची: तिला जुनी तीन भोकं आणि नवी चार किंवा पाच. चकती जुन्या क्रँकवर, नवं चाक चकतीवर.

कागदावर हे इतकं सोपं दिसतं की लोक थेट ड्रिलकडे धावतात. आधी पेन्सिल घ्यावी. तीन भोकं १२० अंशांवर, पाच भोकं ७२ अंशांवर. चकती कशीही फिरवली तरी जुन्या आणि नव्या भोकांच्या एका तरी जोडीतलं अंतर १२ अंशांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ११६ आणि ११० ही वर्तुळं एकमेकांना खेटून आहेत. त्रिज्येत फरक फक्त तीन मिलिमीटर. हिशोब केला तर त्या जवळच्या दोन भोकांच्या मध्यांत अंतर राहतं सुमारे १२.२ मिलिमीटर. नव्या बोल्टला १० मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्याला ८ धरलं, तर दोन भोकांच्या मध्ये धातू उरतो तीन मिलिमीटर.

तीन मिलिमीटर मोडेल का? उभ्या भाराला कदाचित नाही. बोल्ट मध्यापासून दूर असल्याने कॉटरसारखा टनाचा दाब त्यांच्यावर येत नाही. पण पायडलचा भार येतो आणि जातो, घाटात तर हजारो वेळा, आणि अॅल्युमिनियमला ही येजा सोसत नाही. भेग पडते ती अशाच बारीक पुलावर. शिवाय ड्रिल अर्धा मिलिमीटर सरकलं तर तीनचे अडीच होतात.

१३० चं वर्तुळ घेतलं तर पूल साडेपाच मिलिमीटरचा होतो, पण त्या मापात ३८ दात्यांच्या खाली चाक मिळत नाही. खरी गंमत चार बोल्टमध्ये आहे. तीन आणि चार भोकांत जास्तीत जास्त १५ अंशांचं अंतर साधतं, १०४ चं वर्तुळ आतही सरकलेलं असतं, आणि पूल होतो साडेसहा मिलिमीटरचा. पाचापेक्षा चार कमी, पण इथे बळकट. माझं मत विचाराल तर ११६ च्या क्रँकसाठी पाच बोल्टचा विचारच करू नये.

इथे घाटावरच्या वाचकाच्या तोंडाला पाणी सुटेल, कारण १०४ च्या मापात ३२ दात्यांचं छोटं चाकही मिळतं. थांबा. ३२ दात्यांच्या चाकावर चेनची आतली कड मध्यापासून साठ-एकसष्ट मिलिमीटरवर फिरते. आपले जुने तीन बोल्ट ५८ च्या त्रिज्येवर बसलेत आणि त्यांची डोकी ६३ पर्यंत पोचतात. चेन थेट डोक्यांवर घासणार. ३४ दात्यांना दीड मिलिमीटर मोकळीक मिळते, म्हणजे चिखल लागला की नाही. ३६ दात्यांना साडेपाच मिळते. तेव्हा धरून चालावं की ३६ ही खालची हद्द. अडॅप्टर जुन्या क्रँकला बाजारातलं चाक मिळवून देतो. चढ सोपा करण्याची त्याची ताकद मर्यादित आहे. उरलेलं काम मागच्या चाकाने करायचं. ३६ पुढे आणि १८ मागे ठेवून स्टर्मी-आर्चरचं जुनं तीन-गिअरचं हब बसवलं, तर खालच्या गिअरला वेग तीन-चतुर्थांश होतो, आणि पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाचऐवजी सुमारे ३.३५ मीटर जाते. त्यावर राजूर घाटात खाली उतरून सायकल ढकलायची गरज पडू नये.

चकती करायला काय लागतं? सहा मिलिमीटर जाडीची चांगल्या प्रतीची अॅल्युमिनियम प्लेट, लेथ, आणि अंश मोजून भोकं पाडण्याची सोय. खामगाव, मलकापूर, चिखलीला एमआयडीसी आहे. जिनिंग-प्रेसिंगची, मोटारपंपांची, ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या लेथवाल्यांना हे काम अवघड नाही. एक गोष्ट मात्र त्यांना आधीच सांगावी लागते. बोल्ट चाकाला फक्त धरतात. ते मध्यावर आणण्याचं काम चकतीच्या मधल्या गोल खांद्याचं. खांदा ढिला असेल तर चेन प्रत्येक फेऱ्याला एकदा ताणते, एकदा लोंबते. खांदा आणि बाहेरची कड एकाच पकडीत कापून घेतले, जॉब चकमधून मध्येच काढला नाही, की निम्मं काम झालं. भोकं तपासायला व्हर्निअर पुरतो: ११६ वर शेजारच्या दोन भोकांचं अंतर १००.५ मिलिमीटर यायला हवं, १०४ वर ७३.५.

लेथचा विषय निघाला म्हणून आठवण. ज्या घराण्याने मराठी मुलखात यंत्रं घडवण्याची परंपरा सुरू केली त्याची सुरुवात सायकलच्याच दुकानातून झाली. बेळगावात १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंचं दुकान निघालं. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव तिकडून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावला विकायचे. पुढे कडबा कापण्याचं यंत्र, लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, आणि १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर. हरिहरचे ते लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये गेले. अशा लेथवर सायकलची चकती कापणं म्हणजे कर्ज फेडल्यासारखंच.

आता दांडीवाल्या सायकलचा प्रश्न, कारण बुलढाण्यात माळ्यावर बहुधा तीच असते. तिथे चेनव्हील बोल्टवर नसतं. उजव्या क्रँकला कायमचं ठोकून बसवलेलं असतं. काही जण ते ग्राइंडरने कापून क्रँकवर चकती वेल्ड करतात. याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ हळवेपणाचा नाही. इंग्लंडच्या रॅले कंपनीच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याच्या माना कोरलेल्या असतात. सायकल कुणाची हे लांबून सांगणारी सही तीच. ती कापली की परत येत नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने क्रँक वाकडी झाली तर ती कुठलाच लेथ सरळ करत नाही. कानस, ड्रिल, ग्राइंडर जे काही चालवायचं ते नव्या तुकड्यावर चालवावं. जुना भाग निघेल तसा परत बसला पाहिजे.

म्हणून या सायकलला अडॅप्टर क्रँकवर नको, तो आत, वाट्यांच्या जागी हवा. कॉटरचा एक्सल, छर्रे आणि वाट्या काढून तिथे चौकोनी टोकाच्या एक्सलचं बंद कार्ट्रिज बसवता येतं, मग त्यावर चौकोनी भोकाची आजची क्रँक चढते. मात्र खोक्यावरचं माप वाचून विकत घेऊ नये. इंग्लिश मापात खोबणीचा व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. रॅलेने मात्र आपल्या सायकलींना २६ आटे ठेवले, आणि व्यास जवळजवळ तोच. त्यामुळे २४ ची वाटी २६ च्या फ्रेममध्ये दोन-तीन फेरे गोड फिरते आणि मग अडकते. जोर लावला की फ्रेमचे आटे जातात. थ्रेड गेज लावून बघायला एक मिनिट लागतं. उजवी वाटी उलट आट्याची असते हेही विसरून चालत नाही.

आटे २६ चे निघाले, किंवा गंजून गेलेले असले, तर इथेच लेथवाल्याचं खरं काम: बाहेरून फ्रेमच्या आट्यांची, आतून कार्ट्रिजच्या मापाची अशी दोन कड्यांची जोडी कापायची. फ्रेमच्या खोबणीची रुंदीही मोजावी. नेहमीची ६८ मिलिमीटर, रॅलेच्या काहींची त्याहून जास्त. एक्सलची लांबी सर्वांत शेवटी ठरवायची. फ्रेमच्या मध्यापासून मागच्या फ्रीव्हीलच्या दात्यांपर्यंतचं अंतर घ्यावं, पुढचे दातेही तेवढ्याच अंतरावर यायला हवेत. एका फ्रीव्हीलच्या सायकलला ते साधारण ४२ मिलिमीटर असतं. तीन चेनव्हीलच्या माउंटन बायसिकलचा लांब एक्सल स्वस्तात मिळाला म्हणून घातला, तर चेन तिरकी पळते आणि चढावर, नेमकी जोर लावताना, उतरते. ११०, ११३, ११८, १२२.५, १२७ मिलिमीटर अशा लांब्या बाजारात मिळतात. ज्या क्रँकसाठी घ्यायचा ती क्रँक हातात असल्याशिवाय एक्सल घेऊ नये. पायडलची चिंता नको: आजच्या क्रँकला आणि दांडीवाल्या सायकलच्या जुन्या क्रँकला ९/१६ इंची, इंचाला वीस आट्यांचंच पायडल लागतं, डावं उलट आट्याचं.