चाकांवरचे घर : निघण्यापूर्वीचा हिशेब

व्यापारी कुळांना तांड्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. लादलेल्या मालाचे वजन, मुक्कामावरचे पाणी, वाटेतील भय आणि परतीची तजवीज यांचा विचार निघण्यापूर्वीच करतो तो सार्थवाह, ही जाण जुन्या कथांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फार्सीतील ‘कारवान’ हाच शब्द युरोपात ‘कॅरॅव्हॅन’ झाला आणि पुढे त्याचा अर्थ चाकांवरचे घर असा रूढ झाला. 1885 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी बांधण्यात आली. केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेली ती पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते.

आज या प्रवासाचे सर्वांत ठसठशीत रूप ऑस्ट्रेलियात दिसते. नोकरीतून किंवा धंद्यातून मोकळी झालेली साठीची जोडपी मोटारीमागे व्हॅन जोडतात आणि महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, देशभर फिरतात. त्यांना तिथे ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे कौतुकाने म्हणतात. खंडाला वळसा घालणारा ‘हायवे वन’ सुमारे 14,500 किलोमीटरचा आहे. मुले मेलबर्न किंवा सिडनीला स्थायिक झालेल्या घरांतून हा विषय आता जेवणाच्या पंगतीतही निघू लागला आहे. मात्र प्रथमच निघणाऱ्याचे यश रस्त्यावर ठरत नाही. ते घराच्या ओट्यावर, कागद-पेन्सिल घेऊन केलेल्या हिशेबात ठरते.

वजनाचा ताळेबंद

पहिली चूक होते ती वजनात. विक्रेता सांगतो, ‘ही मोटार साडेतीन टन ओढते.’ ते खरे असते, पण अपुरे असते. मोटार आणि व्हॅन मिळून किती वजन असावे, याचीही वेगळी कमाल मर्यादा निर्मात्याने ठरवलेली असते.

उदाहरणादाखल ती एकत्रित मर्यादा 6,000 किलो धरू. मागे 3,500 किलोची व्हॅन जोडली, की मोटारीच्या वाट्याला उरतात 2,500. इंधनासह रिकाम्या मोटारीचे वजन 2,300 असेल, तर शिल्लक 200 किलो. पती-पत्नींचे मिळून 150 धरले, तर हाती राहतात अवघे 50 किलो. त्यात अवजारे, जादा चाक, पुढचे लोखंडी संरक्षक कठडे आणि कपड्यांच्या पिशव्या बसवायच्या! कागदावर ऐपत दिसते, प्रत्यक्षात खाते उणे असते.

व्हॅनचेही तसेच. कमाल वजन 2,800 आणि रिकामे वजन 2,350 असेल, तर 450 किलोंची मुभा मिळते. त्यात 95 लिटरच्या दोन टाक्या भरल्या, की 190 किलो पाण्यातच गेले. उरलेल्या 260 किलोंत गॅस, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा, पुस्तके, छत्री-खुर्च्या असा सारा संसार. व्हॅनच्या वजनाचा साधारण एक दशांश भाग जोडणीच्या कड्यावर येतो आणि तो मोटारीच्या मागच्या आसावर पडतो, हेही नवख्याच्या ध्यानात नसते.

यावर उपाय एकच. सामान भरून झाल्यावर दोन्ही वाहने सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावीत आणि पावती जपून ठेवावी. मर्यादा ओलांडलेल्या अवस्थेत अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. अशा वेळी बुडते ती आयुष्यभराची पुंजी.

जड वस्तू खाली आणि आसाजवळ ठेवाव्यात. मागच्या टोकाला भार झाला, की उतारावर व्हॅन सापासारखी डावी-उजवीकडे सरपटू लागते. अशा वेळी मोटारीचा ब्रेक जोरात दाबणे हा घात आहे. वेग हळूहळू उतरू द्यावा आणि चालकाजवळच्या बटणाने केवळ व्हॅनचे ब्रेक लावावेत. हे वाचून येत नाही. व्हॅन ओढण्याचे एक-दोन दिवसांचे वर्ग तिथे चालतात, ते दोघांनीही करावेत.

ऋतू आणि वाट

उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. नद्या रस्त्यावर येतात आणि गावे तुटतात. म्हणून मे ते सप्टेंबर उत्तरेकडे आणि उन्हाळा दक्षिणेकडे, असा क्रम अनुभवी प्रवासी पाळतात. आपल्याकडचा हिवाळा हा तिकडचा उन्हाळा, हे तिकिटे काढण्यापूर्वीच लक्षात ठेवावे.

नलारबॉरचे माळरान हा प्रत्येकाच्या परीक्षेचा टप्पा. नावाचा अर्थच ‘वृक्षविहीन’. नॉर्समन ते सिड्यूना हे अंतर सुमारे 1,200 किलोमीटर असून त्यात 146.6 किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. पाणी दुर्मीळ, इंधन महाग, दूरध्वनीची सेवा तुटक. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर तपासणी नाका आहे. पिकांवरील कीड-रोग राज्यात शिरू नयेत म्हणून ताजी फळे, भाज्या आणि मध तिथे काढून घेतात. त्यामुळे सीमेपूर्वीचे दोन दिवस भाजी संपवण्याचे आणि पुढचे दोन दिवस डाळ-तांदळाचे, असा बेत आखावा लागतो. शाकाहारी कुटुंबांनी मोठ्या शहरातच शिधा भरून घ्यावा. आडगावच्या दुकानात निवड थोडी आणि दर चढे असतात. प्रेशर कुकर इथेही गॅस वाचवतो.

रस्त्यावर ‘रोड ट्रेन’ नावाचे 53.5 मीटरपर्यंत लांबीचे मालट्रक भेटतात. त्यांना मागे टाकण्याची घाई करू नये. त्यांनाच पुढे जाऊ द्यावे. पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

पाणी, वीज आणि स्वच्छता

शहरी माणसाला नळ सोडल्याशिवाय पाण्याची किंमत कळत नाही. व्हॅनमध्ये ती दर लिटरला कळते. विजेचेही तसेच. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे 1,200 वॅट-तास, अर्थात जवळपास सव्वा युनिट. दिवे, पंप आणि लहान शीतकपाट यांना ते पुरते. वातानुकूलन यंत्र तासाभरात त्याचा फडशा पाडू शकते. शौचकुपीतील मैला आणि सांडपाणी ठरावीक जागीच रिकामे करावे लागते. हे काम रोजचे आहे आणि ते कोण करणार, हे आधीच ठरलेले बरे.

घर विकावे का?

सर्वांत कठीण प्रश्न हा. उत्साहाच्या भरात काही जोडपी राहते घर विकून व्हॅन घेतात. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता घर ही मालमत्ता आहे, तर व्हॅन ही पहिल्या दिवसापासून घसारा लागणारी वस्तू. दोन वर्षांनी गुडघे दुखू लागले, नातवंड झाले किंवा मन उबगले, तर परतायचे कुठे? घर भाड्याने दिले, तर दरमहा उत्पन्नही मिळते आणि परतीचा दरवाजाही उघडा राहतो. मोठी दुरुस्ती आणि तातडीचा परतीचा प्रवास यांसाठी वेगळी गंगाजळी ठेवावी आणि तिला इंधनासाठी हात लावू नये.

कागदपत्रांची व्यवस्था हाही या हिशेबाचाच भाग. टपाल कोणाच्या पत्त्यावर जाईल, औषधांच्या चिठ्ठ्या किती महिन्यांच्या आहेत, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र कोठे आहे, हे मुलांना ठाऊक असावे. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे असल्याने कायमचा पत्ता नसलेल्या फिरत्या नागरिकांसाठी मतदार नोंदणीची स्वतंत्र सोयही तिथे आहे.

दीडशे चौरस फुटांतला संसार

वीस फुटी व्हॅनचे क्षेत्रफळ जेमतेम दीडशे चौरस फूट. ज्यांनी चाळीस वर्षे दुकान आणि स्वयंपाकघर अशा दोन जगांत काढली, ते प्रथमच चोवीस तास समोरासमोर येतात. म्हणून खरेदीपूर्वी दोन-तीन आठवडे भाड्याची व्हॅन घेऊन फिरून पाहावे. तेवढा खर्च पुढच्या मोठ्या नुकसानीचा विमाच ठरतो.

आणखी एक दक्षता जीवन-मरणाची. अनेक जोडप्यांत व्हॅन चालवतो तो पती, जोडतो-सोडतो तोही पती. पत्नी नकाशा पाहते. रुग्णालयापासून तीनशे किलोमीटरवर त्याच्याच छातीत कळ आली तर? दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे, व्हॅन सोडवता आली पाहिजे, उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारे यंत्र वापरता आले पाहिजे. दुर्गम भागात विमानाने वैद्यकीय मदत पोचवणारी ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर’ सेवा 1928 पासून चालू आहे. परंतु हाक गेली तरच विमान येते.

इतके सारे वाचून कोणी म्हणेल, मग घरीच बसावे. तसे नाही. तयारी पक्की असली, की त्या माळरानावरची संध्याकाळ निर्धास्तपणे अनुभवता येते: गाडी थांबलेली, टाकीत पाणी शिल्लक, चुलीवर खिचडी आणि समोर क्षितिजापर्यंत मोकळे आकाश. जुन्या सार्थवाहाची शहाणीव हीच होती. परतीचा हिशेब ज्याने आधी मांडला, त्यालाच पुढची वाट मोकळ्या मनाने चालता आली.